शीळ आणि शुक्रतारा

‘शीळ’ ही ना. घ. देशपांडे यांची कविता मराठीतले ध्वनिमुद्रित झालेले पहिले भावगीत मानली जाते. कवी मेहकरचे वकील, गायक जी. एन. जोशी हेही कायद्याचेच पदवीधर. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने ही तबकडी काढली. तोवर घराघरांतल्या फोनोवर वाजत होती ती बहुतेक नाटकातली पदे, भजने आणि उस्तादांच्या चिजा. एका तरुणाची छापील कविता दुसऱ्या तरुणाने चाल लावून म्हटली, लोकांनी ती पैसे देऊन विकत घेतली आणि वहीत उतरवून पाठ केली, हा प्रकार नवा होता.

मेहकर बुलढाणा जिल्ह्यात असले तरी वाशीम जिल्ह्याच्या रिसोड आणि मालेगाव तालुक्यांना ते लागूनच आहे. ज्या पैनगंगेच्या काठी मेहकर वसले, तीच नदी पुढे रिसोड-वाशीमच्या मुलखात येते. मराठी प्रेमगीताचा नकाशा काढायला बसले तर वाशीम जिल्हा त्यात अशा रीतीने मध्ये सापडतो. पश्चिमेला ना. घ. देशपांड्यांचे मेहकर. उत्तरेला मूर्तिजापूर, म्हणजे कवी अनिल आणि गायक वसंतराव देशपांडे या दोघांचेही जन्मगाव. ईशान्येला सुरेश भटांची अमरावती. दक्षिणेला वा. रा. कांतांचे नांदेड. वाशीम हे या सर्वांच्या वाटेवरचे गाव. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ आगगाडी याच जिल्ह्यातल्या कारंज्यावरून जाई, आणि पूर्णा ते अकोला ही मीटरगेज लाइन वाशीमवरून पुढे खंडव्यामार्गे थेट इंदूरला मिळे. त्या शेवटच्या स्टेशनाचाही या गोष्टीशी संबंध आहे. तो यथावकाश येईल.

खुद्द वाशीमचा प्रेमकवितेशी असलेला संबंध याहून फार जुना आहे. वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मोठा पुरावा म्हणजे विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट, आणि तो वाशीमलाच सापडला. शाखेचा संस्थापक सर्वसेन हा चौथ्या शतकातला राजा स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. ते आज अखंड उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रज्ञांनी त्याचा आदराने उल्लेख केला आहे. विषय होता रुसलेल्या सत्यभामेची समजूत काढण्यासाठी कृष्णाने स्वर्गातून पारिजात आणण्याचा. एका राजाने रुसव्यावर महाकाव्य लिहावे, ही या गावाची कुळकथा आहे. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह लावला तोही विदर्भातल्या वत्सगुल्मातच, आणि ते नगर मदनाचे क्रीडास्थान असल्याचे सांगितले. वाशीमच्या बसस्थानकावर उन्हाळ्यात तासभर उभे राहिलेल्या माणसाला हे पटणे जरा अवघड जाईल, पण ग्रंथात तसे आहे.

‘गाथासप्तशती’तल्या काही गाथा टीकाकारांच्या परंपरेने सर्वसेनाच्या नावावर टाकल्या आहेत. हालाचा हा सातशे गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतातला, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेतला. त्यातल्या कितीतरी गाथांत बोलणारी स्त्री असते. ती मैत्रिणीला सांगते, आत्याला सांगते, वाटसरूला आडून सुचवते, प्रियकराला दटावते. पुरुष बहुधा बाहेरगावी असतो, नाहीतर ऐकून घेत असतो. लिहिणारे कवी मात्र बव्हंशी पुरुष. प्रेमाचे बोल पुरुषाने लिहायचे आणि स्त्रीच्या तोंडी घालायचे, ही रीत इतकी जुनी आहे. शाहिरी लावणीत ती आली. शाहिराने रचलेले शृंगाराचे बोल नाचीच्या आणि नाच्या पोराच्या तोंडून बाहेर पडले. संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांसारख्या नटांनी शालू नेसून तेच केले. मराठी प्रेमगीताचा इतिहास सनावळीने सांगता येतो, रागांच्या आणि तालांच्या अंगाने सांगता येतो. पण ‘बोलतेय कोण आणि कुणाशी’ हा प्रश्न धरून गेले तर तो सर्वांत सरळ उलगडतो.

‘शीळ’मधली बोलणारी एक गावरान तरुणी आहे. रानातून प्रियकराची शीळ ऐकू येते, आणि वेळ-अवेळ न पाहता शीळ घालणाऱ्या त्या रायाला ती लटक्या रागाने फटकारते. त्याच्या घराण्याच्या मोठेपणाचीही आठवण करून देते. भाषा बोलीच्या वळणाची, ‘वेळे’ला ‘येळ’ म्हणणारी. कवितेत प्रत्यक्ष भेट होत नाही. प्रियकर दिसतही नाही. जो काही आहे तो आवाज. त्या आवाजाने रान भरले आहे, आणि बाईची पंचाईत अशी की शीळ तिच्यासाठी असली तरी ती सगळ्यांच्याच कानी पडणार. गाथेतल्या नायिकेला ही अडचण लगेच कळली असती.

नागोराव घनश्याम देशपांडे यांचा जन्म १९०९ चा, बुलढाणा जिल्ह्यातला. शिक्षणासाठी नागपूरपर्यंत जाऊन ते मेहकरला परतले, तिथेच वकिली केली, तिथेच राहिले. मुंबई-पुण्याच्या साहित्यिक बैठकांत मिरवण्याचा त्यांचा पिंड नव्हता, आणि पुस्तके काढण्याची घाई तर मुळीच नव्हती. ‘शीळ’ हे गाणे लोकांच्या तोंडी बसले तेव्हा त्यांचा एकही संग्रह नव्हता. त्याच नावाचा पहिला संग्रह आला १९५४ साली. त्यानंतर ‘अभिसार’, ‘खूणगाठी’, ‘गुंफण’ आणि मेहकरातल्या प्रसिद्ध पडक्या वास्तूचे नाव घेतलेला ‘कंचनीचा महाल’. ‘खूणगाठी’ला १९८६ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. २००० साली मेहकरलाच त्यांचे निधन झाले. गाणे आधी आणि पुस्तक वीसेक वर्षांनी, हा क्रम मराठी कवितेत विरळा. परिणाम असा की कवितेचा पहिला वाचक हा खरे तर श्रोता होता, आणि त्यातल्या पुष्कळांना कवीचे नावच ठाऊक नव्हते.

कविता गाऊन दाखवण्याची पद्धत तेव्हा नवी राहिली नव्हती. पुण्यात १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश हे कवी आपल्या कविता सभांतून गाऊन म्हणत, आणि त्यासाठी सभागृहे भरत. मात्र ते काव्यगायन होते. कवितेच्या वृत्ताला धरून काढलेला सूर. जोशींनी ‘शीळ’ला जी चाल दिली ती त्यापुढची. धृपदाकडे परत परत येणारी, दोन कडव्यांच्या मध्ये श्वास घेऊ देणारी आणि तीन मिनिटांत आटोपणारी.

तीन मिनिटे ही अट कवीची नव्हे, तबकडीची. लाखेची दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, आणि एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. चावी देऊन यंत्र सुरू करायचे, दर एक-दोन बाजूंनंतर टाचणी बदलायची, आणि गाणे संपता संपता चावी उतरली तर गायकाचा आवाज जाड होत होत बंद पडायचा. भारतातली पहिली मुद्रणे १९०२ साली कलकत्त्याला झाली, त्यांत गौहर जानचा आवाजही होता. तेव्हा गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे; शेवटी स्वतःचे नाव ओरडून सांगण्याचीही प्रथा होती. विजेवर चालणारे मायक्रोफोनचे मुद्रण १९२५ नंतर आले. ओरडण्याची गरज संपली. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज फेकणारा नट जे करू शकत नव्हता ते आता करता येऊ लागले, म्हणजे कानाशी बोलता येऊ लागले. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. म्हणजे पडद्याला बोलायला येणे आणि मराठी कवितेला हळू आवाजात गायला येणे, या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच सुमाराला घडल्या.

‘शीळ’ स्त्रीच्या तोंडची आणि गायली पुरुषाने. यात त्या काळच्या श्रोत्याला खटकण्यासारखे काही नव्हते. रंगभूमीने कान तयार करून ठेवले होते. एक फरक मात्र पडला होता. नाटकात स्त्रीचे बोल गाणारा पुरुष डोळ्यांना स्त्री दिसत असे. तबकडीवर शालू नाही, नथ नाही, अभिनय नाही. राहिला फक्त आवाज, आणि तो उघड पुरुषाचा. म्हणजे श्रोत्याने तो राया शीळ घालतो आहे असे समजायचे, की ती तक्रार करते आहे असे? ऐकताना दोन्ही होते. तक्रार तिची, पण ज्या आवाजाची तक्रार आहे तो आवाजही तोच. कवीने हे योजले असेल असे नाही; पुरुष गायकाने ही कविता उचलली त्यामुळे ते आयते घडले. गाण्याच्या मोहिनीचे निम्मे श्रेय या घोटाळ्याला द्यायला हरकत नाही.

जोशींच्या इतर गाजलेल्या तबकड्यांत ना. घं.चीच ‘नदीकिनारी’ येते, आणि गांधारी हनगल यांच्याबरोबरचे ‘चकाके कोर चंद्राची’ हे युगुलगीत येते. या गांधारी म्हणजेच पुढच्या गंगूबाई हनगल. त्यांचा धीरगंभीर, जवळजवळ पुरुषी वाटणारा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्या तबकडीतला बारीक, उंच पट्टीतला कोवळा आवाज ओळखू येत नाही. घशाच्या दुखण्यानंतर आणि उपचारांनंतर त्यांचा आवाज बदलला, आणि त्या बदललेल्या आवाजातच त्या मोठ्या झाल्या. भावगीत मागे सुटले. किराणा घराण्याला एक थोर गायिका मिळाली.

जोशी स्वतःही गायक म्हणून फार काळ पुढे राहिले नाहीत. १९३८ साली ते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’मध्ये मुद्रण अधिकारी म्हणून रुजू झाले आणि पुढची तीसेक वर्षे त्यांनी इतरांना गायला बसवले. रुसलेले उस्ताद, वेळ न पाळणारे वादक आणि तीन मिनिटांत राग मांडायला तयार नसलेले बुजुर्ग यांची समजूत काढणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ ची तबकडी त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा पहाट ते रात्र असा दिवस तिने संतूर, बासरी आणि गिटारवर मांडला, आणि ती जगभर खपली. रानात घुमणाऱ्या शिळेने सुरुवात केलेल्या माणसाने तीस-पस्तीस वर्षांनी खोऱ्यात घुमणारी बासरी तबकडीत भरली, हा योगायोग असला तरी सुरेख आहे. या सगळ्या आठवणी त्यांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिल्या आहेत.

जोशींनंतर जे. एल. रानडे यांच्या तबकड्या आल्या आणि मग गजाननराव वाटवे आले. वाटव्यांनी भावगीत तबकडीतून बाहेर काढून चौकात आणले. पेटी घेऊन एकटा माणूस गणेशोत्सवाच्या मांडवात बसतो आणि हजारो लोक रस्त्यात मांडी घालून कविता ऐकतात, हे दृश्य त्यांच्यामुळे महाराष्ट्राला परिचयाचे झाले. त्यांनी गायलेल्या कवितांत कवी अनिलांची ‘सायंतारा’ची कविता फार गाजली. अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. जन्म १९०१, मूर्तिजापूर. मुक्तछंदाचे पुरस्कर्ते म्हणून ते अभ्यासक्रमात शिकवले जातात, पण सामान्य माणसापर्यंत ते पोचले ते गाण्यांतून. कुसुमावती देशपांडे यांच्याशी विवाहापूर्वी झालेला त्यांचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’ या नावाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात स्त्रीच्या तोंडी कुणी शब्द घातलेले नाहीत. तिची पत्रे तिनेच लिहिली आहेत आणि ती त्याच्या पत्रांना तोडीस तोड आहेत. मराठी प्रेमगीताला जे साधायला आणखी काही दशके लागली, ते या दोघांनी पोस्टाच्या पाकिटात आधीच साधले होते.

अनिलांच्याच ‘कुणी जाल का’ या कवितेला यशवंत देवांनी चाल दिली आणि वसंतराव देशपांड्यांनी ती गायली. कवी आणि गायक दोघेही मूर्तिजापूरचे. इथे बोलणारा पुरुष आहे, पण प्रेयसीशी थेट बोलायची त्याची तयारी नाही. तो कोकिळाला निरोप धाडू पाहतो. कालिदासाच्या यक्षाला निरोप्या म्हणून मेघ मिळाला होता, आणि त्याचा रामगिरी म्हणजे रामटेकही विदर्भातच आहे. नांदेडच्या वा. रा. कांतांची ‘बगळ्यांची माळ’ हीसुद्धा वसंतरावांचीच, चाल श्रीनिवास खळ्यांची. तिथे बोलणारा आठवणीत बोलतो; समोर कुणी नाही. म्हणजे १९५० च्या दशकापर्यंत मराठी प्रेमगीतातली दोन माणसे एका जागी, एका वेळी समोरासमोर क्वचितच सापडत. एकजण रानात, एकजण घरात. एकजण आठवणीत.

‘शुक्रतारा’ हे गाणे १९६२ साली आकाशवाणीसाठी मुद्रित झाले. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. मराठीतले सर्वाधिक परिचित युगुलगीत कोणते, असे विचारले तर पुष्कळांच्या तोंडी याचेच नाव येईल. सायंतारा आणि शुक्रतारा हा आकाशातला एकच ग्रह. संध्याकाळी पश्चिमेला दिसला की सायंतारा. वाटव्यांच्या मांडवात उगवलेला तारा पंधरा-वीस वर्षांनी रेडिओवर उगवला एवढेच. पण यावेळी त्याच्याखाली दोघेजण बसले होते.

गाण्याची रचना साधी आहे. संध्याकाळ, वारा, पाणी, चांदणे हे सामान नेहमीचेच. पहिले कडवे तो म्हणतो, दुसरे ती, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकमेकांना जवळ राहण्याची विनवणी येते. मराठीत विनवणी करतानाही समोरच्याचे लिंग सांगावे लागते. तो तिला ‘अशी’ म्हणतो, ती त्याला ‘असा’ म्हणते. धृपद तेच, सूर तेच, लांबी तीच. बदलते ते एक अक्षर, ‘शी’चा ‘सा’ होतो. हिंदी सिनेमाच्या युगुलगीतांत कितीतरी वेळा दोघेजण एकच वाक्य आळीपाळीने गातात आणि ते कुणीही कुणालाही म्हटलेले चालते. इथे तसे चालत नाही. तिने तिचे वाक्य म्हणायलाच हवे, त्याचे वाक्य तिच्या उपयोगाचे नाही. व्याकरणाने जबरदस्तीने आणलेली ही समानता आहे, आणि खळ्यांनी तिला धक्का लागू दिला नाही. ती लाजते आणि तो बोलतो असा हिशेब चालीत नाही. दोघांच्या वाट्याला सारखीच चाल येते. सर्वसेनाच्या गाथेपासून स्त्रीच्या तोंडी शब्द पुरुषच घालत आले, आणि इथेही ते पाडगावकरांनीच घातले. पण उत्तर देण्यासाठी ती त्याच्या शेजारी बसलेली आहे.

खळ्यांची चाल ऐकायला सोपी आणि म्हणायला अवघड. हे त्यांच्या बहुतेक चालींबद्दल गायक सांगतात. ओळ संपेल असे वाटते तिथे ती संपत नाही, सम अपेक्षेपेक्षा अर्धा श्वास उशिरा सापडते. घरगुती कार्यक्रमात ‘शुक्रतारा’ म्हणणाऱ्यांची पहिली दमछाक होते ती इथेच. लग्नाच्या वरातीतल्या बॅंडवाल्यांनी हे गाणे कधी मनावर घेतले नाही यालाही तेच कारण. त्यावर नाचता येत नाही आणि घाईही करता येत नाही.

मराठीतल्या या सर्वांत मराठी समजल्या गेलेल्या गाण्याच्या मागे उभी असलेली माणसे मात्र चार दिशांची होती. पाडगावकर वेंगुर्ल्याचे, जन्म १९२९. खळे यांचा जन्म १९२६ चा मुंबईचा, वाढले ते बडोद्याला. सुधा मल्होत्रा पंजाबी, दिल्लीत जन्मलेल्या, हिंदी चित्रपटांतल्या पार्श्वगायिका. १९५९ च्या ‘दीदी’ चित्रपटातले एक गाणे तर त्यांनी स्वतः चाल लावून मुकेश यांच्याबरोबर गायले होते. आणि अरुण दाते इंदूरचे. वाशीमहून अकोला-खंडव्याकडे जाणाऱ्या त्या मीटरगेज लाइनीच्या पलीकडच्या टोकाचे. 

दात्यांचा जन्म १९३४ चा, खरे नाव अरविंद. वडील रामूभैया दाते हे इंदूरचे नामांकित रसिक. गाणाऱ्याला दाद कशी द्यावी हे त्यांच्याकडून शिकावे अशी त्यांची ख्याती. कुमार गंधर्व देवासला राहत आणि दात्यांच्या घरी त्यांचा राबता होता. अरुण दात्यांना सुरुवातीचे शिक्षण त्यांच्याकडून मिळाले, पुढे के. महावीर यांच्याकडे ते शिकले. कापड अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्यासाठी ते मुंबईला आले आणि अनेक वर्षे त्यांनी त्याच क्षेत्रात नोकरी केली. १९५५ पासून आकाशवाणीवर ते उर्दू गझला गात. खळ्यांनी त्यांना मराठी गाणे म्हणायला सांगितले तेव्हा ते टाळाटाळ करत राहिले, कारण हिंदी मुलखात वाढल्यामुळे आपल्या मराठी उच्चारांची त्यांना खात्री वाटत नव्हती. ही शंकाच त्यांच्या उपयोगी पडली असे म्हणता येईल. जो माणूस प्रत्येक अक्षर जपून उच्चारतो त्याचे शब्द श्रोत्याला स्पष्ट ऐकू येतात. आणि गझलेने त्यांना शब्द आधी, हरकत नंतर हे शिकवून ठेवलेच होते. नाट्यगीताची तान किंवा शाहिराचा खडा आवाज त्यांच्या गळ्यात नव्हता. होता तो मायक्रोफोनशेजारचा, थोडा जड, किंचित थकल्यासारखा वाटणारा आवाज.

‘शुक्रतारा’नंतर सुधा मल्होत्रांबरोबर ‘हात तुझा’ आले. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांच्याबरोबरही दाते युगुलगीते गायले. पण त्यांची खरी दौलत एकट्याने गायलेल्या गाण्यांत आहे, आणि त्यातली बहुतेक पाडगावकर आणि यशवंत देव यांची: ‘भातुकलीच्या खेळामधली’, ‘दिवस तुझे हे’, ‘अखेरचे येतिल माझ्या’, ‘धुके दाटलेले’, ‘जेव्हा तिची नि माझी’, ‘या जन्मावर’. यशवंत देव १९२६ साली पेणला जन्मले; ‘शब्दप्रधान गायकी’ या त्यांच्या पुस्तकाचे नावच त्यांची भूमिका सांगून जाते. त्यांची चाल आधी ओळ वाचून दाखवते आणि मग गाते. कवितेतला प्रश्न गाण्यातही प्रश्नच राहतो, स्वल्पविरामाला सूर थांबतो.

या गाण्यांमधला पुरुष मराठीला नवा होता. तो स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि तरी जिंकल्याच्या थाटात बोलत नाही. ‘भातुकली’त राजा-राणीची ताटातूट कथेसारखी सांगून तो बाजूला होतो. ‘अखेरचे येतिल’ हा निरोप आहे. ‘दिवस तुझे हे’ मध्ये सारे लक्ष तिच्या उमलण्याकडे आहे, स्वतःकडे नाही. ‘जेव्हा तिची नि माझी’ ही चोरट्या भेटीची आठवण. गाथेतली नायिका, लावणीतली मैना, ‘शीळ’मधली तरुणी या साऱ्यांनी जी हुरहुर शतकानुशतके एकट्यांनी वाहिली, ती या गाण्यांत पुरुषाने स्वतःच्या अंगावर घेतली. अर्थात या सगळ्यांत एक सुरक्षित मध्यमवर्गीय गोडवाही आहे. भांडण नाही, जात नाही, पैशाची विवंचना नाही. ‘शीळ’मधल्या मुलीला निदान कुळाचे भान होते.

विदर्भाचा सूर दात्यांच्या गाण्यांत येतो तो सुरेश भटांमुळे. ‘सूर मागू तुला मी कसा’ ही अमरावतीच्या भटांची रचना हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर दात्यांनी गायली. बोलणे प्रेयसीशी नाही, थेट आयुष्याशी आहे, आणि पाडगावकरांच्या ‘या जन्मावर’शेजारी ठेवून ते ऐकण्यासारखे आहे. एक जगण्यावर प्रेम करा म्हणते; दुसरे जगण्याशी सरळ वाद घालते. वऱ्हाडी माणसाला दुसरे अधिक ओळखीचे वाटले तर नवल नाही. कांतांची ‘सखी शेजारिणी’ही दात्यांच्याच आवाजातली. इंदूरच्या गळ्याने वाशीमच्या चहूकडचे कवी असे गाऊन घेतले.

वाशीमकडच्या श्रोत्यापर्यंत ही गाणी पोचवली रेडिओने. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्राच्या ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमांतून बांधली गेलेली गाणी एकेका केंद्रावरून फिरत मुलखात पसरली. रेडिओचे लायसन तेव्हा पोस्टातून काढावे लागे आणि दरवर्षी नवे करावे लागे. ज्याच्या घरी संच असे त्याच्या ओसरीवर गल्ली जमे. तबकडी विकत घेणारा घरात बसून ऐके, रेडिओ मात्र अंगणातही ऐकू जाई, आणि त्यामुळे एकाच गाण्याला आजी, सून आणि शाळकरी नात असे तिन्ही पिढ्यांचे श्रोते लाभले. प्रेमगीत घरात चालते की नाही, हा वाद जिथे होता तिथे तो बहुधा असाच संपला. आकाशवाणीने वाजवले म्हणजे सरकारची हरकत नाही, मग घरच्यांची कशाला असावी?

याच वाशीम जिल्ह्यात प्रेमगीताची आणखी एक धार वाहते, जिला ना तबकडीने विचारले ना भावसरगमने. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तांड्यांवर होळीला म्हटल्या जाणाऱ्या लेंगी गीतांत थट्टा, शृंगार आणि सवाल-जवाब यांची रेलचेल असते, आणि स्त्रिया तिथे स्वतःच्या तोंडाने उत्तर देतात. ‘शुक्रतारा’च्या किती तरी आधीपासून. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा प्रेमगीतांच्या कोशात स्वतःच्या नावाने येईल तो बहुधा या गीतांमुळे, भावगीतांमुळे नव्हे.

नोकरी सोडून दाते पूर्णवेळ गायला लागले आणि ‘शुक्रतारा’ याच नावाने त्यांचा रंगमंचीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग झाले. ‘शतदा प्रेम करावे’ हे त्यांचे आत्मकथन. खळे २०११ साली गेले, पाडगावकर २०१५ च्या अखेरीस. ६ मे २०१८ रोजी अरुण दाते गेले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात यशवंत देव.

कोजागिरीला, संमेलनाच्या रात्री, निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात ‘शुक्रतारा’ हे गाणे अजून म्हटले जाते, आता पेटी-तबल्याऐवजी कराओकेच्या पट्टीवर. गाणारी बाई ऐनवेळी आली नाही तर एकटा गायकच दोघांचीही कडवी म्हणतो, आणि दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्याची गाडी अडते. ‘असा’ म्हणावे तर ते तिचे वाक्य, ‘अशी’ म्हणावे तर व्याकरण जाते. बहुतेकजण क्षणभर थांबून ‘असा’च म्हणतात.